मदत हवी आहे: राजीनामा लिहून द्यावा का?

नमस्कार मंडळी. मी पाचोऱ्याचा. 2021 पासून एका ऑनलाइन शिक्षण कंपनीत घरूनच दहावीचं गणित शिकवतोय. मंगळवारी एचआरने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "संध्याकाळपर्यंत राजीनामा मेल करा, नाहीतर काढल्याचं पत्र निघेल." कॉल संपायच्या आत लॉगिन बंद. माझ्या पांढऱ्या फळ्यावर वर्गसमीकरणाचं उदाहरण अजून अर्धवटच आहे. पोरांचा निरोपही घेता आला नाही. आई विचारते, "काय व्हयनं रे भाऊ?" काय सांगू तिला?

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा वारेमाप भरती केली, जाहिरातींवर पैसा ओतला. शाळा उघडल्यावर मुलं घटणारच, हे आम्ही शिकवणारे तेव्हाच सांगत होतो. कुणी ऐकलं नाही, आणि भोगतोय आम्ही.

राजीनामा अजून दिलेला नाही. दिला तर ‘स्वतःहून सोडली’ अशी नोंद होऊन नोटिशीचा पगार बुडेल, ही भीती आहे. शिवाय पगारातून पीएफ कापलाय, पण पासबुकात तीन महिन्यांचा भरणाच दिसत नाही. त्यासाठी नाशिकच्या पीएफ कार्यालयात जावं की ऑनलाइन तक्रार पुरते? सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये शिक्षक ‘कामगार’ नाहीत असं म्हटलंय, मग जळगावचे सहायक कामगार आयुक्त आमची तक्रार घेतील का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लवकर सांगा.