रात्री वस्तीवर अनोळखी दिसला की आधी झोडपायचा?

कृष्णाकाठ : काल इथं एकानं लिहिलं, "रात्री दहानंतर वस्तीवर अनोळखी दिसला की आधी बदडा, नाव मग विचारा. घरटी एक परवान्याची बंदूक पाहिजे." खाली सगळ्यांची वाहवा. मला राहवलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्याच जत तालुक्यात, लवंग्यात, चार साधूंना पोरं पळवणारे समजून मारलं. पंढरपूरला निघाले होते बिचारे, रस्ता विचारत होते. 1 जुलै 2018 ला धुळ्याकडं राईनपाड्यात तर पाच जण जिवानिशी गेले, बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षुकी करणारे. चोर एकही नव्हता. दार भक्कम करा, कुत्रं पाळा, अंगणात दिवा ठेवा. वाटसरूला मारून कुठलं घर राखलं जातं?

वाळव्याचा मळेकरी : ते मीच लिहिलंय. तुम्ही गावठाणात राहता, हाक मारली की दहा माणसं धावतात. माझ्या घराच्या तिन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस. दिवाळीआधी पलीकडच्या वस्तीवर चोर आले, म्हातारीच्या कानातलं ओरबाडलं, पाळी फाटली. 112 ला फोन लागला, गाडी यायला पाऊण तास. तोवर नाव-गाव विचारत बसायचं?

काळा कोट, सातारा : घर फोडून आत शिरला तर कायदा तुमच्याच बाजूला आहे. जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम 103, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 41. सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी घरफोडी करणाऱ्याला अडवताना त्याचा जीव गेला तरी बचावाचा हक्क आहे. पण कलम 37 पण वाचा, गरजेपेक्षा जास्त इजा नाही. पळणाऱ्याला उसात गाठून किंवा खांबाला बांधून मारलात की आरोपी तुम्ही. बांधावरून चाललेला माणूस म्हणजे घरफोडी नव्हे.

खटावकर : कलमं राहू द्या. रात्री घरात गडी असतोच कुठं? शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की मी पिकाला पाणी पाजत शिवारात, घरी बायको आणि पोरी. चोरांना आपलं वेळापत्रक पाठ आहे.

मिरजवाला : बरोबर! शेतीला दिवसा लाइट द्यायची सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून ऐकतोय. आमच्या फिडरला दिवसाची लाइट अजून नाही. माझा चुलता रात्री मोटर चालू करायला गेला, साप चावून गेला. त्यावर कुणी इथं चर्चेचा धागा काढला का?

कृष्णाकाठ : विषय घराच्या राखणीचा आहे. लाइटीचा वेगळा काढा.

खटावकर : वेगळा कसा? राखणारा माणूसच रात्री बाहेर काढलाय!

पलूसची सून : घरात मागं राहणाऱ्या आम्ही. आम्हाला विचारा. तुमची बंदूक कपाटात कुलूपबंद, किल्ली नवऱ्याच्या खिशात, नवरा मोटरीवर. आमच्याकडं संडास अंगणाच्या टोकाला आहे. रात्री पोरीला न्यायचं म्हणजे कडी काढावीच लागते, आणि दबा धरून बसलेला त्याचीच वाट बघतो. आम्ही भांडून संडासाला घरातून दार पाडून घेतलं. ग्रामसुरक्षा यंत्रणेत नंबर नोंदवले, एका फोनवर गावभर मोबाइल वाजतात. यात कुणालाही बदडावं लागलं नाही.

वाळव्याचा मळेकरी : ताई, संडासाचं पटलं. बंदुकीचं राहू दे. पण दाराआडची काठी मी काढणार नाही, आणि गावठाणातल्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

कृष्णाकाठ : काठी ठेवा की. वाटसरूवर उगारू नका, एवढंच म्हणतोय पहिल्यापासून.

मिरजवाला : सोमवारी सबस्टेशनला निवेदन द्यायचंय, दिवसाच्या लाइटीसाठी. कोण कोण येतंय?

पलूसची सून : आम्ही बायका येतो. गाडीचं तेवढं बघा.