हैती, कर्ज आणि कातडीचा रंग

गोदाकाठ (नांदेड):
परवा इथे एकाने ठासून लिहिलं, "अमेरिका 1915 मध्ये हैतीत, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या काळ्या लोकांच्या देशात, घुसली ती कर्जापायी आणि जर्मनीच्या धास्तीने. वंशवाद उगाच घुसडू नका." कर्ज खरं, जर्मनी खरी. पण पुढे युरोपातल्या देशांनीही अमेरिकेची युद्धकर्जं बुडवलीच की! तिथे नौसैनिक बसवले का? हैतीत 1934 पर्यंत हलले नाहीत. ज्या अमेरिकी अध्यक्ष विल्सनच्या सरकारच्या काळात, 1913 पासून, वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत काळे कारकून वेगळे बसवले गेले, त्याच सरकारला हैतीच्या लोकांना राज्य चालवता येत नाही असा साक्षात्कार झाला. रस्त्यांसाठी शेतकरी वेठीला धरले, दोरांनी बांधून नेले. याविरुद्ध हैतीतला बंडाचा पुढारी शार्लमान पेराल्त उठला, त्याला 1919 मध्ये गोळ्या घातल्या, प्रेत दाराला बांधून फोटो काढला आणि लोकांत वाटला. वसुलीला हे लागतं?

बालाघाटी (बीड):
जपानने 1910 मध्ये कोरिया गिळला. तिथे गोरा कोण, काळा कोण? बळी तो कान पिळी, विषय संपला.

गोदाकाठ:
जपानी सत्ताही यामातो वंशाचं श्रेष्ठत्वच सांगत होती. उदाहरण तुमचं, पण मुद्दा माझाच सिद्ध झाला.

बालाघाटी:
मग 1948 ची निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारत सरकारची पोलीस अ‍ॅक्शनही त्यातलीच म्हणा. तिथेही "रयतेला सोडवतो" हीच भाषा होती.

औसेकर (लातूर):
काय बोलायलाव तुम्ही? निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकाने माझी आजी रातोरात बैलगाडीत बसून बार्शीला गेली. कडेवरचं पोर रडू नये म्हणून त्याच्या तोंडात पदराचा बोळा धरला होता. इथली माणसं स्वतः लढत होती, कुणी बाहेरून येऊन त्यांना अडाणी ठरवलं नव्हतं. आपल्याकडे 1952 ला मतदान झालं. हैतीत 1917 मध्ये विधिमंडळालाच टाळं लावलं, कारण परक्यांना जमीन घेऊ देणारी घटना ते मंजूर करेना. दोन्ही एका तागडीत घालता? लाज वाटू द्या.

मांजराकाठ (धाराशिव):
औसेकर दादा, आजीचं सगळं खरं. आमच्या घरातलंही ऐका. माझे नाना रझाकार नव्हते, मागावर बसणारे विणकर होते. अ‍ॅक्शननंतर त्यांना घरातून नेलं, परत आले नाहीत. भारत सरकारने चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज 27 ते 40 हजार मृतांचा आहे, आणि आपला जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांत. माणूस कोण, काय करतो हे न बघता जमात बघून मारलं. हैतीवर तावातावाने बोलणाऱ्यांनी इथे गप्प बसू नये.

औसेकर:
ते गावगुंडांनी केलं, भारत सरकारने नाही.

मांजराकाठ:
अहवालात काही ठिकाणी सैनिकांवरही ठपका आहे. वाचा आधी.

बालाघाटी:
वेठ आणि तो फोटो कर्जाच्या हिशेबात बसत नाहीत, एवढं मानतो. सुरुवात पैशाने झाली, हे मात्र सोडणार नाही.

औसेकर:
मांजराकाठ, अहवालावर वेगळा धागा काढा, मी येतो. आकड्यांवर माझे आक्षेप आहेत. आमच्या गावात काय झालं ते मात्र मी नाकारणार नाही, वडिलांनी सांगितलंय.