स्त्रीचं डोकं, पक्ष्याचं अंग: सायरन की हार्पी?

निळीशाई
प्राचीन ग्रीक भांड्यांवर स्त्रीचं डोकं आणि पक्ष्याचं अंग असलेली आकृती कुठे 'सायरन' म्हणून दिलेली असते, कुठे 'हार्पी' म्हणून. नुसतं खापर उरलं असेल तर पंखवाली स्फिंक्सही तशीच वाटते. ओळखताना आधी काय पाहायचं? रोमन वस्तूंनाही तेच लागू पडतं का?

खापरी
चेहरा सोडा, पाय पाहा. एकच चित्रकार तिघींना एकाच घडणीचा चेहरा देतो, त्यामुळे चेहऱ्यावरून काहीच ठरत नाही. पक्ष्याचे दोन पाय असतील तर सायरन, सिंहाचे चार पंजे असतील तर स्फिंक्स. ग्रीक भांड्यांवरची हार्पी मात्र पूर्ण स्त्री असते: हात, पाय, आखूड वस्त्र, पाठीला पंख आणि धावण्याची मुद्रा. बहुधा त्या दोघी असतात, फिनियस राजाच्या ताटातलं पळवून निघालेल्या, आणि मागे बोरियसचे (उत्तरवाऱ्याच्या देवाचे) पंखवाले मुलगे. म्हणजे भांड्यावर पक्ष्याचं अंग दिसलं की ती जवळपास नेहमीच सायरन.

घोळ झाला तो साहित्यामुळे. रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात हार्पी म्हणजे कुमारिकेच्या चेहऱ्याचे पक्षी. लिशियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) झँथॉस इथल्या थडग्यावर (इ.स.पू. सुमारे ४८०) माणसांच्या छोट्या आकृत्या कवेत घेऊन उडणाऱ्या पक्षी-स्त्रिया कोरल्या आहेत. त्यांना 'हार्पी' म्हटलं गेलं आणि थडग्याचं नावही तेच पडलं. आज अभ्यासक त्यांना बहुधा सायरनच मानतात. हे शिल्पपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

खापरावर नुसता पंख असेल तर निर्णय देऊ नका. पंखाखालच्या कोरीव रेघा पाहा. बरगड्या आणि खपाटीला गेलेलं पोट दिसलं तर सिंहाचं अंग. पिसं सलग शेपटीपर्यंत गेली असतील तर पक्षी. अथेन्सच्या ब्लॅक-फिगर (लालसर मातीवर काळ्या आकृत्यांच्या) भांड्यांवर आणखी एक फसगत होते. स्त्रीची त्वचा काळ्या लेपावर पांढरी माती चढवून दाखवत. ती माती भट्टीत त्या लेपासारखी घट्ट बसत नाही, झडते, आणि काळा उरलेला चेहरा पुरुषाचा वाटतो. तिरप्या उजेडात धरलं तर पांढऱ्याची जागा निस्तेज दिसते.

निळीशाई
आभार! पण हात असलेली, हातात वाद्य घेतलेली पक्षी-स्त्री असेल तर?

खापरी
तीही सायरनच. वाद्यासाठी सायरनला हात दिलेले दिसतात. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या थडग्यांवर शोक करणाऱ्या सायरन उभ्या केल्या, तेव्हा वरचं धड पूर्ण स्त्रीचं आणि पाय तेवढे पक्ष्याचे राहिले. म्हणूनच म्हटलं, पाय पाहा.

ओतकाम
पायांचं सूत्र ग्रिफिनपाशी, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेल्या पंखवाल्या प्राण्यापाशी अडतं, कारण तिथेही स्फिंक्ससारखे सिंहाचेच पंजे. त्याची चोच, उभे लांब कान आणि कपाळावरचा गोंडा पाहायचा. इ.स.पू. सातव्या शतकात काशाच्या मोठ्या हंड्यांच्या खांद्यावर ग्रिफिनच्या माना बसवत. आधीच्या पत्रा ठोकून केलेल्या, नंतरच्या मेणाच्या नमुन्यावरून साचा करून ओतलेल्या. सुट्ट्या सापडलेल्या मानेचे कान मोडले असतील तर ती गरुडाची वाटते. अशा वेळी कानांचे बुंधे शोधा. मानेच्या बुडाच्या कडेला रिव्हेटची भोकं असतील तर ती हंड्यावरचीच असण्याची शक्यता मोठी.

आणि डागडुजीवर आंधळा विश्वास नको. इटलीतल्या आरेत्झोचा काशाचा किमेरा (सिंहाचं अंग, पाठीवर बोकडाचं डोकं, शेपटीच्या जागी साप) १५५३ मध्ये सापडला तेव्हा त्याला शेपूट नव्हतं. बोकडाचं शिंग चावणारा साप अठराव्या शतकात जोडलेला आहे. त्या सापावरून मूळ रचनेबद्दल कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय ही मूर्ती ग्रीकही नाही, रोमनही नाही. पुढच्या उजव्या पायावरचा लेख एट्रुस्कन, म्हणजे रोमनांआधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या भाषेत आहे.

दिवटी
रोमन वस्तूंबद्दल. तिथे नियम सैल होतात. अथेन्सच्या भांड्यांवरच्या सॅटरला (मद्यदेव डायोनिससच्या अर्धपशू सोबत्याला) घोड्याचे कान आणि शेपूट असतं. इ.स.पू. ५७० च्या सुमाराच्या फ्राँस्वा भांड्यावर तर पायही घोड्याचे आहेत, आणि शेजारी 'सिलेनोई' असं नाव लिहिलंय. रोमन सॅटरला आखूड शेपटी आणि बरेचदा बारीक शिंगं. केसांच्या जागी साप असलेली मेदूसाही बदलते: जुनी जीभ बाहेर काढलेली, विक्राळ, रोमन काळात बहुधा देखणी, डोक्यावर छोटे पंख आणि हनुवटीखाली सापांची गाठ.

शवपेट्यांवर माशाच्या शेपटीचे प्राणी गर्दीने येतात. तिथे पुढची बाजू पाहा. नुसता घोडा असेल तर हिप्पोकॅम्प, माणसाचं धड असेल तर ट्रायटन, धडाखाली घोड्याचे पुढचे पायही असतील तर सागरी केंटॉर.

मातीच्या दिव्यांवर सर्वांत जास्त चुका होतात. तयार दिव्यावरून नवा साचा, त्यातून दिवा, त्यावरून पुन्हा साचा असं चालायचं. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, म्हणून दर पिढीत दिवा थोडा लहान आणि चित्र पुसट होत जातं. चोच बोथट झाली की ग्रिफिन पेगॅसस या पंखवाल्या घोड्यासारखा दिसू लागतो. तेव्हा पंजा की खूर ते बघा, आणि पंजाखाली चाक आहे का तेही. चाकावर पंजा ठेवलेला ग्रिफिन हा नेमेसिस या सूडाच्या देवीचा.