दिवा धरलेली बाई ‘घुमी’ की आणखी काही?

प्रश्न (शिक्षिका, दर्यापूर तालुका): आठवीच्या पोरांना चित्र दाखवून दहा ओळी लिहायला लावल्या. चित्र सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं. हातात दिवा घेतलेली तरुणी. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे (पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं, तसं नाही). बऱ्याच पोरांनी लिहिलं, ‘ही बाई घुमी आहे.’ काहींनी ‘उदास’, एकीनं ‘सोशीक’. ‘घुमी’ला लाल शाई मारू का?

उत्तर १: ताई, घुमी हा स्वभाव झाला. विचारलं तरी सांगत नाही, पोटातलं पोटातच ठेवते, ती घुमी. त्यात तक्रारीचा सूरही असतो; सासूनं सुनेला म्हणावं तसा. एका चित्रावरून हे कसं कळणार? बाईसोबत चार दिवस राहावं लागते.

उत्तर २: ते उदास बी नाही वो ताई! उदास म्हंजे कशातच मन नाही. हिचं तं सारं मन दिव्यात हाये. आमच्याकडे रात्री लाइन गेली का माय चिमणी घेऊन सपरीतून घरात येते. एक हात चिमणीले, दुसरा वाऱ्याच्या आड. तवा तिले हाक मारा, ‘हूं’ बी म्हणत नाही. घुमी हाये का ते? दिवा इझू नये, बस.

उत्तर ३ (चित्रकलेचे शिक्षक): भाऊंशी सहमत. या चित्रात उजेड फक्त दिव्याचा आहे. आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांतून तांबूस प्रकाश झिरपतो, तोच चेहऱ्यावर पडतो आणि भोवती काळोख. पोरं काळोख वाचतात आणि तो बाईच्या मनावर लादतात. कोणी ‘तंद्रीत’ म्हणेल, तर तेही चालायचं नाही. दिवा हाती धरून तंद्री लागली तर पदर पेटेल! मी ‘एकचित्त’ म्हणेन. ‘सोशीक’चा तर चित्रात पुरावाच नाही. समोर बसली होती चित्रकाराची मुलगी, गीता. लुगड्यातली शांत बाई दिसली की आपला हात आपसूक ‘सोशीक’ लिहितो.

शिक्षिका: मग ‘घुमी’ खोडू?

उत्तर १: खोडू नका. ‘घुमी आहे’चं ‘घुमी वाटते’ करा, आणि कशावरून वाटते ते एका ओळीत लिहायला लावा. ‘सोशीक’वालीला मात्र जरूर विचारा, काय सोसलं हिनं?