ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांची सरकारी हॉस्टेलं म्हणजे नक्की काय प्रकार होता?

दांडियाबाजारवाली
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे. मुलगी पर्थला सोशल वर्क शिकतेय, तिला असाइनमेंट आलीय तिथल्या ॲबोरिजिनल मुलांच्या सरकारी हॉस्टेलांच्या इतिहासावर. फोनवर सांगत होती की मुलांना आईबापांपासून ओढून नेलं, मग सरकारने माफी मागितली वगैरे, तेवढं मलाही ऐकून माहीत होतं. पण तिच्याच वर्गातल्या एका मुलीची आजी म्हणे अशाच हॉस्टेलात राहून हायस्कूल शिकली आणि तिथल्या मैत्रिणी अजून तिच्याकडे चहाला येतात. मग ही दोन्ही एकच का वेगळी? मी तिला म्हटलं अगं आपल्या सयाजीराव महाराजांनी पण आदिवासी मुलांसाठी बोर्डिंगं काढली होती की, तर भडकलीच, म्हणे आई प्लीज तुलना करू नकोस. का करू नये ते कोणी सांगेल का? वाद घालायला नाही विचारत, खरंच कळत नाहीये.

जुनी_पानं
ताई, हॉस्टेल, होम, सेटलमेंट, मिशन हे सगळं तिथे एकात एक मिसळलंय, घोळ तिथून सुरू होतो. मुलगी पर्थला आहे तर पश्चिम ऑस्ट्रेलियाचंच घ्या. १९०५ साली तिथे कायदा झाला आणि राज्यातल्या आदिवासी आणि मिश्र रक्ताच्या मुलांचा १६ वर्षांपर्यंतचा कायदेशीर पालक कोण, तर चीफ प्रोटेक्टर नावाचा सरकारी अधिकारी. आई जिवंत, बाप जिवंत, पोर मांडीवर, तरी पालक हा! १९१५ पासून बरीच वर्षं ती खुर्ची ए. ओ. नेव्हिलकडे होती. मूर रिव्हर सेटलमेंट १९१८ ची, पर्थपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मुलं डॉर्मिटरीत आणि रात्री बाहेरून कुलूप. दुसऱ्या राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये, कूटामुंड्राला मुलींचं होम होतं, तिथे घरकाम शिकवून मुलींना लोकांकडे कामाला पाठवायचे, आणि किंचेलाला मुलांचं, १९२४ ते १९७०, तिथे पोरांना नावाऐवजी नंबराने हाक मारत.
तुमची चहावाली आजी बहुतेक नंतरच्या प्रकारातली असणार. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुलांचं पालकत्व ज्याच्याकडे होतं त्याच सरकारी खात्याने पर्थमध्ये मुलींसाठी अल्व्हन हाउस आणि मुलांसाठी मॅकडॉनल्ड हाउस काढलं, हेतू असा की लांबच्या वस्तीवरची हुशार मुलं शहरात राहून हायस्कूल करतील. पण खातं तेच होतं हो, आणि ती पालकत्वाची सत्ता १९६३ च्या कायद्याने गेली. म्हणजे दहा-बारा वर्षं असं, की वसतिगृह चालवणारे साहेब आणि पोर उचलून न्यायची ताकद असलेले साहेब एकाच ऑफिसातले. अशा वेळी बापाने फॉर्मवर सही केली तर ती मर्जीने केली का भीतीने, हे कागद बघून कसं कळणार?

सेवउसळ_फॅन
सगळं मान्य, पण शिकली ना मुलं? आपल्याकडे पण अंतर हाच प्रॉब्लेम आहे, छोटाउदेपूरकडे कवांटच्या डुंगरात दहावीची शाळा कोण काढून देणार, हॉस्टेलशिवाय शिक्षणच नाही. उगाच गोऱ्यांचं पाप महाराजांच्या माथी मारू नका.

जुनी_पानं
मारतंय कोण? सोनगडला धाणका आदिवासी मुलांसाठी महाराजांनी बोर्डिंगं काढली ती १८८० च्या दशकात, लिहिण्यावाचण्यासोबत शेती शिकवायचे. आणि १९०६ ला सगळ्या बडोदे राज्यात सक्तीचं शिक्षण आलं तेव्हा पोर शाळेत नाही आलं तर बापाला दंड व्हायचा. दंड बापाला, म्हणजे पोर बापाचंच धरलं होतं. ताईंची मुलगी चिडली ती इथे, असं मला वाटतं.
आणि तिथेही पुढे बदल झाला. पर्थचं ते खातं १९७२ ला मोडलं, १९७३ मध्ये केंद्र सरकारने ॲबोरिजिनल हॉस्टेल्स लिमिटेड ही कंपनी काढली, ती आजही शिकणाऱ्या मुलांना राहायला जागा देते. त्याच वर्षी ॲलिस स्प्रिंग्जला यिरारा कॉलेज सुरू झालं, आधी सरकारी, आता लुथरन चर्च चालवतं. मूल पळवण्याचा हिशोब १९९७ च्या चौकशी अहवालात आहे, १९१० ते १९७० मध्ये दर तीन ते दहा आदिवासी मुलांमागे एक नेलं गेलं असा त्यांचा अंदाज. संसदेत माफी १३ फेब्रुवारी २००८, पंतप्रधान केव्हिन रड.

माजी_गृहपती
मी छोटाउदेपूरच्या पुढे एका आश्रमशाळेत ११ वर्षं गृहपती होतो, रिटायर होऊन आता वाडीला असतो. महाराजांवर बोलत नाही, माझंच सांगतो. आमच्या रजिस्टरात अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून, कारण आम्हीच टाकलेली. पोरं राठवी बोलायची, आम्ही गुजरातीत शिकवायचो आणि कोणी राठवीत उत्तर दिलं की बाकीची हसायची, मीसुद्धा एकदोनदा हसलोय. होळी आली की हॉस्टेल रिकामं, घेरचा मेळा संपला तरी पंधरा-पंधरा दिवस परत येत नसत, आम्ही वर लिहायचो 'पालक उदासीन'.
एकदा एक बाप मंगळवारी आला. भेटीचा दिवस रविवार. मी नाही म्हटलं, नियम म्हणजे नियम. तो काही बोलला नाही, फाटकासमोर महुड्याखाली जाऊन बसला, मांडीवर फडक्यात मक्याचे रोटले बांधलेले. दुपारी बघितलं तर बसलेलाच, आणि तिसरीतला पोरगा वर्गाच्या जाळीला नाक लावून उभा, मास्तर पाढे म्हणतायत तिकडे लक्षच नाही. पाच वाजता मी फाटक उघडलं. रोटले तोवर कडक झालेले, पोराने सगळे खाल्ले. बापाची शेवटची बस गेली होती, चालत गेला.
कुलूप मी रात्री लावत नव्हतो, एवढाच काय तो फरक, तो लहान नाहीये हे जुनी_पानं सांगतायत ते पटतं. पण ताई, मुलीला म्हणावं तुलना अगदीच टाकू नको.

दांडियाबाजारवाली
काका, तुमची पोस्ट जशीच्या तशी तिला पाठवली. अर्ध्या तासाने मेसेज आला, "त्या काकांना विचार, तो मुलगा पुढे किती शिकला?"

माजी_गृहपती
बारावी. आता एसटीत कंडक्टर आहे, छोटाउदेपूर लाइनवर. माझं तिकीट काढतो, पैसे घेतो, बरोबर घेतो.