रानघेवडा आणि पाळीव घेवडा: बांधावरचा संकर रोखावा की होऊ द्यावा?

रानवेल (धागाकर्ता)

आपण राजमा किंवा श्रावण घेवडा म्हणतो त्या पिकाचा रानटी पूर्वज उत्तर मेक्सिकोपासून वायव्य अर्जेंटिनापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात आजही उगवतो. मेक्सिकोत मक्याच्या ताटांवर चढवलेला घेवडा आणि त्याच शेताच्या बांधावरील झुडपांत वाढलेला रानघेवडा यांच्यात कित्येक ठिकाणी काही पावलांचेच अंतर असते. दोघांची प्रजाती एकच, त्यामुळे संकरातून निपजलेल्या रोपांना व्यवस्थित बी धरते, आणि रानटी, पाळीव व या दोहोंच्या मधली, तणासारखी वाढणारी रोपे एकाच शिवारात नांदताना दिसतात. हा संकर नैसर्गिक आहे, म्हणून तो निरुपद्रवी आहे असे मानणे मला चुकीचे वाटते. जिथे रानघेवड्याचे निर्भेळ समूह उरले आहेत, तिथे लगतच्या शेतांत घेवड्याऐवजी दुसरे पीक घेतले जावे आणि त्यापायी होणारे शेतकऱ्याचे नुकसान सरकारने भरून द्यावे, असे माझे मत आहे.

रॉबर्टो पापा आणि पॉल गेप्ट्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की पाळीव घेवड्याकडून रानघेवड्याकडे जाणारा जनुकांचा ओघ उलट दिशेच्या ओघापेक्षा तीन ते चार पट अधिक आहे. याचे कारण शेतात काम केलेल्या माणसाला लगेच पटेल. पहिल्या पिढीतील संकरित रोप बव्हंशी रानटी वळणाचे असते, त्याचे दाणे बारीक असतात, आणि शेतकरी ते भेसळ म्हणून उपटतो किंवा त्याचे बी पुढच्या पेरणीसाठी धरत नाही. बांधापलीकडे भेसळ काढणारे कोणी नसते. तिथे ते रोप रानघेवड्यातच मिसळते आणि त्याची शेंग तडकून बी तिथेच पडते.

यात काय गमावले जाऊ शकते, याचे एकच उदाहरण देतो. साठवणीतल्या दाण्यांना लागणाऱ्या भुंगेऱ्याला रोखणारे आर्सेलिन हे प्रथिन १९८० च्या दशकात मेक्सिकोतील रानघेवड्याच्या काही नमुन्यांत सापडले. पाळीव वाणांत ते नव्हते. असा गुण मोजक्याच वेलींत असतो आणि बाहेरची जनुके सतत येत राहिली, तर तो विरळ होत जातो.

परागकण

आपली आकडेवारी मान्य आहे, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. पापा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्याच २००५ च्या अभ्यासात असे दिसले की रानटी आणि पाळीव घेवड्यांमधील फरक सर्वाधिक टिकून आहे तो माणसाळवण्याशी संबंधित जनुकांच्या आसपास. न तडकणारी शेंग, जाड दाणा, पेरताच उगवण्याची सवय हे गुण शेतात सोयीचे असले, तरी रानात ते वेलीच्या जिवावर उठतात. पहिल्याच अवेळी पावसात सगळे बी उगवून आले आणि नंतर पाऊस ताणला गेला, तर त्या वेलीचा वंश तिथेच संपतो. म्हणजे भेसळ काढणारे रानातही कोणीतरी असतेच. शिवाय घेवड्याच्या फुलात बहुतेक वेळा स्वपरागणच होते, त्यामुळे हा ओघ पुरासारखा नसून झिरपणीसारखा असतो.

दुसरे असे की संकराला केवळ हानी मानले, तर डुमोसस घेवड्याचे काय करायचे? ग्वाटेमाला आणि चियापासच्या दमट डोंगरांत पिकणारी ही प्रजाती साधा घेवडा आणि लाल फुलांचा, भुंगे व हमिंगबर्ड यांच्याकरवी परपरागण होणारा कॉक्सिनियस घेवडा यांच्या वंशांतील जुन्या संकरातून आली असे मानले जाते. तिच्या हरितलवकातील डीएनए साध्या घेवड्याच्या घराण्याचा, तर केंद्रकातील जनुके कॉक्सिनियसच्या अधिक जवळची आहेत. रानात त्या वेळी कोणी बांध घातला असता, तर ही प्रजातीच झाली नसती.

आणि खरा धोका बघायचा असेल, तर कोस्टा रिकाच्या मध्य खोऱ्यात बघावा. तिथे कॉफीच्या मळ्यांच्या कुंपणांवर वाढणारे रानटी लिमा घेवड्याचे समूह नष्ट झाले ते संकराने नव्हे, तर वाढत्या शहरांनी.

रानवेल

डुमोससचे उदाहरण मला आवडले, पण तो संकर घडला तेव्हा त्याच्या एका बाजूला हजारो एकरांवर पेरलेला एकच वाण नव्हता. पूर्वीच्या शेतकऱ्याच्या शेतात चार-पाच रंगांचे मिश्र बी असे, त्यामुळे रानात जाणारी जनुकेही नाना तऱ्हांची असत; एकाच सुधारित वाणाचा पराग वर्षानुवर्षे जात राहिला, तर रानात एकसारखेपणाच पोहोचेल. ब्राझीलने २०११ साली सोनेरी मोझेक विषाणूला दाद न देणाऱ्या जनुकांतरित घेवड्याला मान्यता दिली. ब्राझीलमध्ये साध्या घेवड्याचे रानटी समूह नाहीत म्हणून तिथे हा प्रश्न उठला नाही. मेक्सिकोत तो उठल्यावाचून राहणार नाही.

वसनाकाठ

मी कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा करतो, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या बांधावर घेवड्याचा रानटी भाऊबंद नाही. समुद्र ओलांडून जेवढे बी आले, तेवढ्यातच आमचे भांडवल आहे. म्हणून मेक्सिकोतल्या त्या बांधाकडे मी थोड्या असूयेने पाहतो. तिकडच्या शेतकऱ्याने घेवडा पेरू नये, ही सूचना मात्र मला अन्यायाची वाटते, कारण त्याच्या पूर्वजांनीच हे पीक घडवले आणि रानवेलीही त्याच्याच बांधावर टिकल्या. मोबदला दिला तरी घरचे बी तीन-चार वर्षे पेरले नाही, तर ते उगवणीला कमी पडते आणि वाण जातो. मूग आपला, त्याचा रानटी पूर्वज सह्याद्रीच्या उतारांवर आहे आणि प्रजातीही तीच आहे. उद्या कोणी तिथल्या शेतकऱ्याला मूग पेरू नका म्हटले, तर आपण ते मान्य कराल का?

रानवेल

आपला बियाण्याचा मुद्दा मी ध्यानात घेतला नव्हता, तो मान्य. पेरणी थांबवण्याऐवजी अशा समूहांलगत घरच्या मिश्र बियाण्यालाच प्रोत्साहन द्यावे आणि एकच सुधारित वाण दूर ठेवावा, एवढी दुरुस्ती मी करतो. सह्याद्रीतल्या मुगाबाबतही माझी हीच भूमिका राहील.

परागकण

या दुरुस्तीनंतरही माझा एक आक्षेप उरतो. कोलंबियातील पाल्मिरा येथील जनुकपेढीत घेवड्याचे ३७,००० हून अधिक नमुने आहेत. निर्भेळ रानघेवडा हवा असेल, तर त्याचे बी आत्ताच गोळा करून तिथे थंडीत ठेवावे. बांधावरच्या वेलीला मात्र मोकळे सोडावे, कारण बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याचे काम पेढीतल्या डब्यात होत नाही.