वॉर्म, ब्राइट, मडी... इअरफोनच्या आवाजाला मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ :
मंडळी जरा मदत पाहिजे. आमच्या मित्रांमध्ये मिळून चार भारीतले इनइअर (कानाच्या नळीत बसणारे इअरफोन) जमलेत, प्रत्येकाचा एकेक, त्यातले दोन तर लाखाच्या वरचे, आणि त्यांच्या आवाजाची तुलना मराठीत लिहायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडलीय. सेनहायझरचा आयई ९००, शुअरचा एसई ८४६, सिक्स्टीफोर ऑडिओचा यू१२टी आणि एकाच्या कपाटातून निघालेला एटिमोटिकचा ईआर४. ऐकून झालंय, मतं पण आहेत, पण लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. वॉर्म आवाज म्हणजे काय लिहू, उबदार? उबदार म्हटलं की मला स्वेटरची जाहिरात आठवते. ब्राइटला तेजस्वी आणि मडीला चिखलमय लिहिलं तर ग्रुपवर वर्षभर चिडवतील. इंग्रजी शब्द तसेच ठेवायला माझी ना नाही, पण आपल्याकडे गाणं ऐकणारी एवढी माणसं आहेत, ती आवाजाबद्दल बोलताना काहीतरी शब्द वापरतच असतील ना?

डग्गा :
वापरतात की. फक्त ते शब्द आवाजाचे नसतात, वाद्याचे आणि गळ्याचे असतात, म्हणून तुला डिक्शनरीत सापडत नाहीत. माझी हयात तबल्यात गेली. आम्ही कधी वॉर्म म्हणत नाही, आम्ही म्हणतो आवाज भरदार आहे, गोल आहे. तेच जरा जास्त झालं की जड. आणि खालचा आवाज गाणाऱ्याच्या शब्दांवर चढून बसला की कोंदट. बघ, एकाच रस्त्यावरचे तीन थांबे आहेत हे, भरदार, जड, कोंदट, आणि तुमचा मडी म्हणजे यातला शेवटचा.

ब्राइटला खणखणीत म्हण, जोवर तो चांगला लागतोय तोवर. पुढे गेला की धारदार, आणि त्याहून पुढे चिरका. तेजस्वी वगैरे सोड, तो शब्द चेहऱ्याला.

गोदाकाठ :
काका हे झकास आहे. म्हणजे नुसता गुण नाही, तो कितपत आहे हे पण त्याच शब्दात येतं.

सातपूर_एमआयडीसी :
थांबा थांबा, घाई करू नका, मला वाटतं आधी वॉर्म म्हणजे नक्की काय हे ठरवा, मग मराठी शोधा, कारण इंग्रजीतच तो शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एकजण वॉर्म म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की १०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास जास्त भर दिलाय, आणि दुसरा म्हणतो तेव्हा खाली काहीच वाढवलेलं नसतं, फक्त वरचं कमी केलेलं असतं. पुरावा तुमच्याच यादीत आहे. एसई ८४६ च्या नळीत बदलता येणारे छोटे फिल्टर येतात, आणि कंपनीनेच त्यांना नावं दिलीयत, निळा बॅलन्स्ड, पांढरा ब्राइट, काळा वॉर्म. तो काळा फिल्टर बेसला हातसुद्धा लावत नाही, तो साधारण १ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-अडीच डेसिबलने खाली घेतो, बस. तरी कानाला वाटतं बेस वाढला. तर काकांचा भरदार हा पहिल्या प्रकाराला बरोबर बसतो, पण काळ्या फिल्टरला भरदार म्हणणं मला पटत नाही. तिथे मऊ म्हणा.

डग्गा :
पटलं. मऊ बरोबर आहे, शाई (मधला काळा गोल) घासून जुनी झालेला तबला असतो तसा नाही हं, तो बद्द होतो. मऊमध्ये नाद शाबूत असतो, नुसती धार कमी असते.

टिपरू :
बद्द!! किती दिवसांनी हा शब्द वाचला. आमच्या आजी तांबट लेनमध्ये भांडं घ्यायला गेल्या की आधी टिचकी मारून बघायच्या, खण्ण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं की भांड्याला चीर, लगेच परत. हा शब्द इअरफोनला हवाच आहे. मला काही बॅलन्स्ड आर्मेचरवाल्या (म्हणजे छोटी पत्ती हलवून आवाज काढणाऱ्या) सेटचा बेस असाच वाटतो. ठोका बरोबर वेळेवर येतो, पण मागे काही उरतच नाही.

आता बेस निघालाय तर माझं पण ऐका, मी ढोल पथकात आहे त्यामुळे यावर बोलायचा हक्क आहे असं समजते ;) नुसतं बेस चांगला आहे म्हणू नका, त्यात निदान तीन गोष्टी आहेत. टिपरू पडतं तो ठोका. ढोलाच्या पोटातून येतो तो घुमारा. आणि छातीत बसतो तो दणका. कुठल्याही इनइअरमध्ये पहिले दोन मिळतात, तिसरा मिळत नाही, मग तो कितीही लाखाचा असो, कारण त्याला हवा हलवावी लागते आणि ती अख्ख्या अंगावर यावी लागते, कानाच्या नळीतली एवढीशी हवा हलवून छाती कशी हलणार. नाशिक ढोल ज्यांनी मिरवणुकीत जवळ उभं राहून ऐकलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. म्हणून इअरफोनच्या वर्णनात दणदणीत बेस लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. ठोका आवळ आहे की सैल, घुमारा लवकर विरतो की रेंगाळतो, असं लिहा ना.

गोदाकाठ :
ताई, आवळ आणि सैल एकदम परफेक्ट. आयई ९०० मध्ये एकच ७ मिमीचा डायनॅमिक ड्रायव्हर (स्पीकरसारखा पडदा हलवून आवाज काढणारा) आहे आणि त्याचा ठोका आवळ असून घुमारा पण मिळतो, हेच मला लिहायचं होतं आणि मी तीन ओळी खर्च केल्या होत्या.

आता पुढचा प्रश्न. सिबिलन्स. गायिका स म्हणते तेव्हा कानात सुई गेल्यासारखं होतं ते.

डग्गा :
सकार टोचतो. एवढंच. आमच्याकडे गायकाला माइकसमोर बसवताना हेच म्हणतात.

सातपूर_एमआयडीसी :
आणि गंमत बघा, मराठी व्याकरणात श, ष, स यांना उष्मे म्हणतात. म्हणजे आपल्या हिशोबाने ज्या सेटमध्ये स-श जास्त तो उष्ण, आणि तिकडे वॉर्म सेट म्हणजे ज्यात ते कमी. वॉर्मचं शब्दशः भाषांतर करायचं नाही याला एवढं एक कारण पुरे.

बाकी सकाराची ताकद साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते. पण मला यात मराठीचा एक वेगळा मुद्दा मांडायचाय. नुसता स ऐकून सेट पास करू नका. आपल्याकडे दंत्य च, ज, झ आहेत, चांदणं, चाक, सांज, माझा. हे म्हणताना जीभ दाताशी जाते आणि त-स मिळून एक छोटासा फवारा निघतो, हिंदी गाण्यात हे वर्ण नसतात. त्यामुळे हिंदी गाण्यांवर गोड वाटलेला सेट मराठी भावगीतावर टोचू शकतो, आणि ते रेकॉर्डिंग वाईट आहे असं समजून माणूस सोडून देतो. बाहेरची वर्णनं वाचून घेतलेला सेट आपल्याला वेगळा वाटतो त्यात या वर्णांचा थोडा तरी वाटा असणार, असं माझं मत.

टिपरू :
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता मोबाइलवर लावून बघितलं, "चांदणं" मधला च खरंच स पेक्षा जास्त टोचतोय.

गोदाकाठ :
भारी. मग "सकार आणि दंत्य च टोचतो" असं लिहितो. आता सगळ्यात अवघड, साउंडस्टेज, म्हणजे गाणं आपल्याभोवती किती पसरल्यासारखं वाटतं ते. रंगमंच लिहिलं तर कालिदास कलामंदिर डोळ्यासमोर येतं.

टिपरू :
पैस! ऐसपैस मधला पैस. "याचा पैस मोठा आहे." सुंदर जुना शब्द आहे, उगाच अडगळीत पडलाय.

डग्गा :
पैस छान. पण वाद्यं एकमेकांत न मिसळणं ही वेगळी गोष्ट, तिला सुटं म्हण. तंबोरा सुटा, पेटी सुटी, तबला सुटा. एखाद्याचा पैस मोठा असून वाद्यं सुटी नसतात, आणि उलटही होतं. आणि एक धोक्याची सूचना, वाद्य कुठे वाजतंय हे सांगायला "जागा" शब्द वापरू नकोस. गाण्यात जागा म्हणजे वेगळंच. "या सेटमध्ये जागा छान कळतात" असं लिहिलंस तर गाणारे समजतील मुरकी-हरकतीबद्दल बोलतोयस. ठिकाण म्हण नाहीतर सरळ डावं-उजवं म्हण.

सातपूर_एमआयडीसी :
पैस लिहा पण जपून, कारण इनइअर कानाच्या पाळीला वळसा घालून थेट नळीत शिरतो, आवाज पुढून आला की मागून हे आपल्याला बऱ्याच अंशी त्या पाळीमुळे कळतं. त्यामुळे इनइअरचा पैस बहुतेक डोक्यातल्या डोक्यात, या कानापासून त्या कानापर्यंत. त्याच कारणाने आणखी एक शब्द लागेल तुम्हाला. उघड्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची, ती ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप वाढवते आणि मेंदूला त्याची सवय असते. इनइअरने नळी बुजली की ती वाढ बिघडते, म्हणून बनवणारे ट्यूनिंगमध्येच तिथे उंचवटा देतात. तो कमी पडला तर गायक दाराआडून गातोय असं होतं, जास्त झाला तर अंगावर येतो. इंग्रजीत याला शाउटी म्हणतात, आपला "अंगावर येणारा" जास्त नेमका आहे, कारण यात आवाज मोठा असतोच असं नाही, नुसता जवळ येतो.

डग्गा :
आता मी एक जोडी सुचवतो. सतारवाले जवारीला खुली आणि बंद म्हणतात. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) पृष्ठभाग घासून असा करतात की तार त्याला कमी-जास्त स्पर्श करते, खुली जवारी म्हणजे झणझणीत, वरचे स्वर उधळणारी, बंद म्हणजे गोल, आटोपशीर. तुमचे ब्राइट आणि वॉर्म शेकडो वर्षं या दोन शब्दांत बसलेत. आणि त्यात कुणी चांगलं-वाईट नाही, दोन्ही बाज मोठ्या लोकांनी वाजवलेत.

टिपरू :
काका संकल्पना भन्नाट आहे पण "हा इअरफोन बंद आहे" असं वाचलं तर मी तो दुरुस्तीला पाठवीन.

डग्गा :
हाहा. बरं "बंद जवारीचा आवाज" असं पूर्ण लिही मग. पण तंबोऱ्यावर सेट तपासाच. टिंबर टिंबर म्हणता ना तुम्ही, त्याला संगीताच्या परीक्षेच्या पुस्तकात नादाची जात म्हणतात, उंच-नीचपणा, लहान-मोठेपणा आणि जात. तंबोऱ्याची तार छेडल्यावर त्यातून स्वर उमलत जातात, ते उमलणं ज्या सेटमध्ये नीट कळतं त्यात नादाची जात शाबूत आहे. धातूच्या पत्र्यासारखी तार ऐकू आली की समजायचं जात बदलली, मग बारकावे कितीही असोत.

आणि जुनं रेकॉर्डिंग जरूर लाव. द. वि. पलुसकर १९२१ साली आपल्या नाशकात जन्मले आणि १९५५ ला गेले, म्हणजे त्यांचं बरंचसं गाणं त्या ७८ च्या तबकडीच्या काळातलं. त्यांच्या तानेचा दाणा ईआर४ वर कसा लागतो ते सांग मला, दाणेदार तान हे शब्द ज्यांना नुसते पुस्तकातून माहीत आहेत त्यांनी तरी ऐकावंच.

गोदाकाठ :
काका ऐकलं लगेच. दाणा एकेक सुटा ऐकू येतो, पण तबकडीची खरखर पण तितकीच सुटी येते. यू१२टी मध्ये कानाला बारा आर्मेचर आहेत, त्यात खरखर मागे राहते आणि गळा पुढे येतो. मला वाटतं एकाला "काटेकोर" म्हणावं आणि दुसऱ्याला "समजूतदार". माणसांचे शब्द चालतील का?

सातपूर_एमआयडीसी :
काटेकोर चालेल, एटिमोटिक हे नाव कंपनीने घडवलंच "कानाशी खरं" या अर्थाने. १९८३ ची कंपनी, ईआर४ १९९१ चा. समजूतदार मात्र तुमचं मत झालं, वर्णन नाही. तिथे "वरचं सौम्य" एवढं लिहा, वाचणारा ठरवेल समजूतदार की लपवाछपवी.

आणि हे सगळे शब्द लिहिण्याआधी दोन गोष्टी बघितल्यात ना? एक म्हणजे टिप, इअरफोनच्या टोकाची कानात जाणारी मऊ टोपी. कानात नीट बसली नाही, हवा गळली की सगळ्यात आधी बेस जातो, आणि मग माणूस पातळ, किनरा, निर्जीव असे शब्द वापरतो जे त्या सेटचे नसतात, टिपेचे असतात. दुसरं म्हणजे आवाजाची पातळी चौघांची एकसारखी हवी. जो सेट किंचित मोठा वाजतो तोच जास्त भरदार आणि जास्त बारकाव्यांचा वाटतो, आपला कान कमी आवाजात खालचं-वरचं कमी ऐकतो म्हणून. आणि कुठे ऐकलंत तेही लिहा. नाशकातल्या द्वारकेला सिग्नलला उभं राहून कुठलाही सेट पातळच वाटणार, ट्रकची घरघर बेस खाऊन टाकते. ईआर४ ची ती तीन छत्र्यांची टिप खोल घातली तर कमी खाते, पण ती खोल घालायला हिंमत लागते.

गोदाकाठ :
टिपा सगळ्यांच्या आपापल्या होत्या, पातळी मोबाइलच्या अॅपने जुळवली, घरात रात्री ऐकलं. हा घ्या कच्चा खर्डा :

"आयई ९०० : ठोका आवळ, घुमारा लांब पण वेळेत विरणारा. वरून खणखणीत, काही गाण्यांत धारदार. दंत्य च क्वचित टोचतो. पैस मोठा.
एसई ८४६, निळा फिल्टर : भरदार, मोठ्या वाद्यवृंदात जड. काळा फिल्टर : तोच बेस, वरून मऊ, जुन्या भावगीतांना कोंदट.
यू१२टी : वाद्यं सगळ्यात सुटी, वरचं सौम्य, गळा अंगावर येत नाही. तंबोरा बंद जवारीचा वाटतो.
ईआर४ : काटेकोर. बारकावे भरपूर, घुमारा कमी. तानेचा दाणा याच्यावर. खरखर पण याच्यावर."

टिपरू :
एकही इंग्रजी विशेषण नाही आणि तरी मला चारही कळले. फक्त ईआर४ ला घुमारा कमी म्हणून थांबू नका, ठोका कसा आहे ते राहिलं.

गोदाकाठ :
ठोका आवळ आहे, पण लहान. लहान ठोक्याला काय म्हणता तुम्ही पथकात?

टिपरू :
नवीन पोरं वाजवतात त्याला "हलका हात" म्हणतो. पण ते इथे नको, हात हलका नाहीये, ढोलच छोटा आहे. "आवळ, पण पोट नाही" लिहा.

डग्गा :
पोट नाही, हे चालेल. डग्ग्यालाही असंच म्हणतात.